फुफ्फुसाचा कॅन्सर : ट्रीटमेंट कशी ठरते, माणूस किती जगतो – मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि फाईल माझ्या हातात आली, तेव्हापासून ओळखीतल्यांचे, त्यांच्या ओळखीतल्यांचे, कधी अगदी साडूच्या ऑफिसमधल्या कुणाचे फोन येतात. प्रश्न तेच असतात आणि दर वेळी मी काहीतरी सांगायचं विसरतो, म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. औषधाचा निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचाच, हे वाचून त्यांना काय विचारायचं ते कळलं तरी खूप झालं.

रिपोर्टमध्ये स्टेज ४ लिहिलंय. किती दिवस आहेत?

पहिला फोन हाच असतो, आणि बहुतेक वेळा पेशंट शेजारच्या खोलीत असतो म्हणून हळू आवाजात असतो.

गूगलवर जे आकडे दिसतात ते बरेचसे अमेरिकेचे असतात. तिथे फुफ्फुसातच असलेला कॅन्सर सापडला तर ५ वर्षांनी १०० पैकी ६० च्या वर लोक हयात असतात, छातीतल्या गाठींपर्यंत गेला असेल तर ३५ च्या आसपास, आणि लांब पसरला असेल तर १० च्या आत. आपल्याकडे चित्र याहून वाईट आहे कारण आपल्याकडे १० पैकी ७-८ जण मुळात स्टेज ३ किंवा ४ मध्येच डॉक्टरपर्यंत पोचतात. २०२२ च्या जागतिक आकडेवारीत भारतात वर्षाला साधारण ८१ हजार नवे पेशंट आणि ७५ हजार मृत्यू असा अंदाज आहे, म्हणजे लपवण्यासारखं काही नाही, आजार बेकारच आहे.

पण दोन गोष्टी. एक, ५ वर्षांचा आकडा म्हणजे ५ वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी आजार निघालेल्यांचा आकडा, मधल्या काळात आलेली औषधं त्यांना मिळालेलीच नसतात. दुसरी, डॉक्टर जेव्हा 'मीडियन १२ महिने' म्हणतात तेव्हा आपण ऐकतो 'बारा महिने', आणि कॅलेंडर मोजायला लागतो. त्याचा अर्थ एवढाच की १०० पैकी ५० जण १२ महिन्यांनंतरही आहेत, आणि त्या ५० मध्ये कुणी १४ महिने काढतं कुणी ६ वर्षं. तुमचा पेशंट कुठल्या ५० मध्ये आहे ते स्टेजवरून कळत नाही, म्हणून किती दिवस हे विचारायच्या आधी कुठला कॅन्सर ते विचारा.

कुठला म्हणजे? फुफ्फुसाचा तो फुफ्फुसाचाच ना?

नाही ना, गाडं इथेच अडतं. आधी दोन मोठे प्रकार, स्मॉल सेल आणि नॉन स्मॉल सेल. साधारण ८५ टक्के लोकांना नॉन स्मॉल सेल असतो. त्यात परत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, स्क्वेमस वगैरे. आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला की त्याच्या आत म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या जीन्समधला बदल, बघतात. ईजीएफआर, अल्क, रॉस-वन ही नावं पाठ करून ठेवा, ओपीडीत उपयोगी पडतात. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पेशंटमध्ये ईजीएफआर निघतं, गोऱ्या लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे, तेवढं एक आपल्या पदरात पडलंय म्हणायचं.

याशिवाय पीडी-एल-वन नावाची टेस्ट असते, ती इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या इंजेक्शनांसाठी.

म्हणजे दोन पेशंट, दोघंही स्टेज ४, दोघंही ६२ वर्षांचे, एकाला रोज घरी एक गोळी आणि दुसऱ्याला दर ३ आठवड्यांनी सलाईन, आणि दोघांच्या आयुष्यात दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. शेजारच्या काकांना काय दिलं होतं ते विचारून काहीच कळत नाही ते यामुळे.

सुई लावली की पसरतो म्हणतात, बायोप्सी टाळता येईल का?

टाळू नका. आमच्याकडेही आत्याने हेच सांगून दोन आठवडे घालवले. बायोप्सीमुळे कॅन्सर पसरण्याची शक्यता इतकी कमी आहे की तिच्यासाठी बायोप्सी न करणं म्हणजे अपघात होईल म्हणून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये न बसण्यासारखं आहे. आणि तुकडा पुरेसा घ्या असं आधीच बोलून ठेवा, कारण बऱ्याचदा एवढासा तुकडा येतो, त्यातच निदानाच्या टेस्ट होतात आणि म्युटेशनसाठी काही उरतच नाही, मग परत सुई. छातीत पाणी झालं असेल तर काढलेल्या पाण्यातल्या पेशींचा घट्ट गोळा (सेल ब्लॉक) करून त्यावरही टेस्ट होते, ते पाणी ओतून देऊ नका म्हणावं.

बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) आणि स्लाईड तुमच्या मालकीचं सोनं आहे असं समजा. सेकंड ओपिनियनला जाताना लॅबमधून ब्लॉक मागून घ्या, पावती ठेवा. आमचा ब्लॉक एका लॅबने तीन दिवस 'शोधतोय' म्हणून सांगितलं होतं, नाव सांगत नाही.

म्युटेशनचा रिपोर्ट यायला २-३ आठवडे लागणार म्हणतात, तोवर नुसतं बसायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहितो.

घरात सगळ्यांना वाटत असतं की एक एक दिवस चाललाय, काहीतरी चालू करा. पेशंटची तब्येत बरी असेल तर रिपोर्टची वाट बघणं हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं. दम फार लागतोय, थांबणं शक्यच नाही, तर डॉक्टर साधी केमो चालू करतात आणि रिपोर्ट आला की बदलतात, तेही चालतं. घाईघाईत इम्युनोथेरपीचं इंजेक्शन मात्र रिपोर्टआधी देऊ नये, कारण ईजीएफआर असलेल्यांना एक तर तिचा फायदा फार होत नाही, आणि वर इम्युनोच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी दिली तर फुफ्फुसाला जबरदस्त सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणजे लाखो रुपये देऊन पुढची चांगली गोळी स्वतःच अडचणीत आणायची.

एनजीएस नावाची टेस्ट एकाच वेळी बरीच म्युटेशन बघते, महाग आहे. पैसे नसतील तर निदान ईजीएफआर, अल्क आणि रॉस-वन तरी वेगवेगळ्या साध्या टेस्टने करून घ्या. रक्तातूनही म्युटेशन बघता येतं, त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात, त्यात निघालं तर छानच, पण रक्तात नाही निघालं म्हणजे नाहीच आहे असं धरायचं नाही.

ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं! म्हणजे केमो टळली ना?

नेहमी नाही. आणि यातलं एक मोठं काम आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलचं आहे, ते अभिमानाने सांगतो. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांच्या टीमने ३५० पेशंट घेतले, अर्ध्यांना नुसती गेफिटिनिब गोळी आणि अर्ध्यांना गोळी प्लस केमो. २०२० मध्ये छापून आलं. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने दाबात राहिला, केमो जोडली तर १६ महिने. त्रासही दुप्पट होता, तीव्र साईड इफेक्ट २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, म्हणून सगळ्यांना झेपत नाही. बाबांना झेपली, हिमोग्लोबिन दोनदा घसरलं आणि रक्त चढवावं लागलं, पण झेपली.

ओसिमर्टिनिब ही नवी पिढीची गोळी, ती मेंदूपर्यंत चांगली पोचते. तिच्या मोठ्या ट्रायलमध्ये मीडियन जगणं ३८.६ महिने आलं, जुन्या गोळ्यांचं ३१.८. अल्कवाल्यांचं तर नशीबच वेगळं, लॉरलॅटिनिबवर ५ वर्षांनीही ६० टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता, तेही स्टेज ४ मध्ये! दहा-पंधरा वर्षांपूर्वी असं कुणी बोललं असतं तर वेड्यात काढलं असतं.

गोळी म्हणजे त्रास नाही असं मात्र नाही. तोंडावर, छातीवर पुरळ येतं, नखांच्या कडेला पिकतं, जुलाब होतात. आणि एक गोष्ट जी मला चौथ्या महिन्यात एका नर्सबाईंनी सांगितली, गेफिटिनिब आणि अर्लोटिनिब पोटात नीट शोषलं जायला अ‍ॅसिड लागतं, आणि आपल्याकडे प्रत्येक म्हातारा माणूस सकाळी उठून अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो, बाबाही घ्यायचे. कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी ओपीडीत टेबलवर ओता, अगदी गुडघेदुखीच्या तेलापर्यंत.

काहीच म्युटेशन नाही निघालं तर?

तर पीडी-एल-वन बघतात. तो ५० टक्के किंवा जास्त असेल तर नुसती इम्युनोथेरपीही चालते. पेम्ब्रोलिझुमॅबच्या ट्रायलमध्ये अशा पेशंटपैकी ५ वर्षांनी जवळपास ३२ टक्के हयात होते, केमोवाले १६ टक्के. कमी असेल तर केमो आणि इम्युनो एकत्र. अडचण पैशाची, दर ३ आठवड्यांनी एवढी रक्कम आपल्या घरात कुठून येणार. टाटामध्येच कमी डोसच्या इम्युनोवर काम झालंय, डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम देऊनही १ वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तो आकडा फुफ्फुसाचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लावू नका, पण परवडत नसेल तर 'लो डोस'बद्दल डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

इम्युनोने केस जात नाहीत म्हणून लोक ती हलकी समजतात. नवा खोकला, वाढलेला दम, सतत जुलाब, काहीही झालं तर 'सर्दी असेल' म्हणून घरी थांबू नका.

स्टेज १, २, ३ ला काय करतात?

१ आणि २ मध्ये ऑपरेशन, फुफ्फुसाची एक पाकळी काढतात, ऑपरेशन झेपणारं नसेल तर नेमके लाईट, म्हणजे रेडिएशन देतात, एसबीआरटी म्हणतात त्याला. ऑपरेशननंतर ईजीएफआर असेल तर ओसिमर्टिनिब ३ वर्षं, त्यात ५ वर्षांनी ८८ टक्के हयात होते, न घेणारे ७८. हल्ली ऑपरेशनच्या आधीच केमो-इम्युनो देऊन गाठ लहान करतात.

स्टेज ३ ला बऱ्याचदा ऑपरेशन होत नाही, मग ६ आठवडे लाईट आणि सोबत केमो. हा कोर्स कठीण असतो, घास गिळताना रडू येतं, पण इथे बरं करायच्या हेतूनेच ट्रीटमेंट चाललेली असते, त्यामुळे मध्येच गावी लग्न आहे म्हणून चार दिवस लाईट चुकवू नका. नंतर वर्षभर डुर्वालुमॅब (हेही इम्युनोचंच औषध) दिलं तर ५ वर्षांनी ४३ टक्के हयात, नाही दिलं तर ३३ टक्के.

आणि स्मॉल सेल?

झपाट्याने वाढतो, बहुतेक करून विडी-सिगरेटवाल्यांना. केमोला पहिल्यांदा छान विरघळतो, घरात पेढे वाटले जातात, आणि मग परत येतो. छातीपुरता असेल तर केमो आणि लाईट, आणि अलीकडे त्यानंतर डुर्वालुमॅबने मीडियन ३३ वरून जवळपास ५६ महिन्यांवर गेलं, या प्रकारात हे फार मोठं आहे. पसरलेला असेल तर अजून मीडियन वर्षाच्या आसपासच.

माझ्या आईने कधी विडीला हात लावला नाही, तिला कसा झाला?

टाटाच्याच २०१२ मध्ये आलेल्या एका पाहणीत निम्म्याच्या आसपास पेशंट कधीच न ओढणारे होते. चुलीचा धूर, घरातल्या दुसऱ्या कुणाची विडी, हवा, आणि काही वेळा कारण सापडतच नाही. त्यामुळे कृपा करून पेशंटला 'सांगत होतो ना' म्हणू नका, आणि 'सिगरेट नाही म्हणजे कॅन्सर नाही' असंही धरून चालू नका.

कारण यातूनच पुढचा गोंधळ होतो, टीबीचा. आमच्याकडे खोकला, वजन कमी, एक्स-रेवर डाग, झालं, थुंकीत काही न सापडताच टीबीच्या गोळ्या चालू. चार महिने एकेटी खाल्ली बाबांनी, लघवी लाल, भूक गेली, आणि डाग वाढतच गेला. त्या डॉक्टरांना दोष देऊन काय करू, आपल्याकडे टीबी एवढा आहे की पहिला संशय तोच येणार. पण एकेटी चालू करून दीड-दोन महिन्यांत फरक नाही, किंवा थुंकीत रक्त, आवाज बसलाय तो सुटत नाही, खांदा दुखतोय, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सी मागा. भांडून मागा.

युवराज सिंग तर बरा झाला की, मग आपले का नाही?

त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हता हो. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतला सेमिनोमा होता, तो जर्म सेल प्रकार, केमोने बरा होतो. उलटंही असतं, आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर फुफ्फुसात जातो, तो फुफ्फुसात असला तरी ट्रीटमेंट मूळ जागेची.

टाटालाच जावं का? आणि खर्चाचं काय?

एकदा दाखवून यावं असं माझं मत. प्लॅन तिथे ठरवून केमो आपल्या जिल्ह्यात घेता येते, दर ३ आठवड्यांनी कराडहून परळ म्हणजे पेशंट प्रवासानेच खचतो. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं त्यात जोडलेली आहेत, जवळ कुठलं आहे ते बघा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून पोचल्या दिवशीच चौकशी करा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, बिल भरल्यावर नाही. सगळी महागडी औषधं त्यात बसत नाहीत हे खरं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी स्लीपर आणि थ्री एसी फुकट, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. गेफिटिनिब जेनेरिकमध्ये महिन्याला काही हजारात भागतं. ओसिमर्टिनिब आणि डुर्वालुमॅबवरची कस्टम ड्युटी जुलै २०२४ च्या बजेटमध्ये काढली, तरी ती औषधं स्वस्त झाली असं कुणी म्हणू नये, कंपन्यांच्या पेशंट स्कीम असतात त्या विचारून घ्या.

लक्ष्मीतरू, गोमूत्र, गव्हांकुर... आणि साखर बंद?

लक्ष्मीतरूचा काढा आमच्याही घरी आला होता, दोन किलो पानं, सांगलीहून. मी फेकला नाही, आईचं मन मोडेना, पण डॉक्टरांना दाखवला, त्यांनी केमो चालू असेपर्यंत लिव्हर-किडनीवर लोड नको म्हणून बंद केला. लपवून देऊ नका एवढंच. केमो सोडून काढ्यावर गेलेले दोन जण मला माहीत आहेत, दोघं सहा महिन्यांनी परत आले तेव्हा व्हीलचेअरवर होते.

साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो हे खोटं, उपाशी पेशंट मरतो. वजन टिकवा. अंडी, पिठलं, नाचणीचं सत्त्व, दाण्याचा लाडू, जे जाईल ते, थोडं थोडं.

आता ओढणं सोडून काय फायदा, व्हायचं ते झालं ना?

आहे फायदा. निदान झाल्यावर सोडणारे न सोडणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, ऑपरेशनची जखम आणि लाईट दोन्ही बरं झेपतं.

पॅलिएटिव्हला पाठवलं. म्हणजे हात वर केले?

मलाही तसंच वाटलं होतं, मी त्या दरवाज्यावरून परत फिरलो होतो. २०१० मध्ये बॉस्टनमधली एक पाहणी आली, स्टेज ४ च्या १५१ पेशंटची. ज्यांना पहिल्यापासून ट्रीटमेंटच्या जोडीला पॅलिएटिव्ह टीम मिळाली ते मीडियन ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. शेवटी शेवटी केमोचा मारा कमी घेऊनही. तर ते लोक दुखणं, दम, झोप, मळमळ, भीती हे सगळं बघतात. दम लागतो त्याला मॉर्फिनचा थोडा डोस देतात, सवय लागेल म्हणून घाबरू नका. बाबा मॉर्फिनवर असताना महिन्यांनी पहिल्यांदा उशी टेकून रात्रभर झोपले.

पेशंटला सांगायचं का?

आम्ही नव्हतं सांगितलं. 'छातीत इन्फेक्शन आहे' म्हणून केमोला नेलं. तिसऱ्या केमोला शेजारच्या बेडवरच्या माणसाने विचारलं, काका तुमचं कुठल्या म्युटेशनचं? बाबा म्हणाले, ईजीएफआर, एक्झॉन १९. फाईल ते रात्री वाचत होते. त्यानंतर सातबारा, पेन्शनचं नॉमिनेशन, धाकटीचं लग्न, सगळं त्यांनी स्वतः मार्गी लावलं. तुमचं घर तुम्ही ओळखता, पण पेशंटला माहीत नसतं असं समजू नका.

तुमच्याकडे गोळ्या उरल्यात का? आमच्या पेशंटला चालतील?

नाहीत, आणि असत्या तरी तुमचा म्युटेशन रिपोर्ट बघितल्याशिवाय दिल्या नसत्या. म्युटेशन नसेल तर या गोळ्या म्हणजे केमोचा वेळ वाया. गेफिटिनिब जवळपास दीड वर्ष चाललं, मग स्कॅनवर वाढ दिसली, परत बायोप्सी केली, टी-७९०-एम निघालं, म्हणजे जुन्या गोळीला दाद न देणारं नवं म्युटेशन, जुन्या गोळीनंतर निम्म्या लोकांत ते निघतं, आणि ओसिमर्टिनिबवर अकरा महिने गेले. दोन बंद स्ट्रिप उरल्या होत्या. तेराव्यानंतर मी त्या हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमकडे नेऊन दिल्या, त्यांनी एक्सपायरी बघितली, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या. बाहेर बाकावर कुणीतरी बसलेलं होतं, मांडीवर फाईल घेऊन.